लॉन काढून पिन्यॉन पाइन लावला, तर त्याला पाणी दिलंच नाही तरी चालेल का?

तुम्ही अमेरिकेतल्या न्यू मेक्सिकोत राहता आणि पिन्यॉन हे तिथल्याच कोरड्या डोंगरांवरचं सूचिपर्णी झाड, म्हणून हा प्रश्न पडणं साहजिक आहे. पण पहिली दोन-तीन वर्षं तरी पाणी द्यावंच लागेल. डोंगरावरचा पिन्यॉन काटक असतो, कारण त्याची मुळं लांबवर गेलेली असतात. रोपवाटिकेतून आणलेला मात्र कुंडीत आयतं पाणी पिऊन वाढलेला असतो. त्याची सगळी मुळं त्या कुंडीएवढ्या मातीतच असतात.

किती पाणी द्यायचं, यापेक्षा कुठे द्यायचं, यात माणसं चुकतात. मीही चुकलो. ठिबकची तोटी खोडाला टेकवून ठेवली आणि तशीच विसरलो. तिसऱ्या वर्षी सुया पिवळ्या पडल्या, तर तहान लागली असेल म्हणून मी पाणी वाढवलं! माती उकरली तेव्हा बुंध्याची साल कुजून मऊ पडली होती. आता आळं फांद्यांच्या टोकाखाली करतो आणि झाड वाढेल तसं बाहेर सरकवतो. पाणी क्वचित द्यायचं, पण दीड-दोन फूट खोल मुरेल इतकं. मधल्या काळात वरची माती खुशाल सुकू द्या. हिवाळा कोरडा गेला, तर पाणी गोठत नसेल अशा दिवशी महिन्यातून एकदा पाणी घाला. सुया हिरव्या असतात, त्यामुळे थंडीतही झाडातून पाणी उडतच असतं.

खड्डा रुंद घ्या, पण मुळांच्या गोळ्याहून खोल नको. खत तर नकोच. खड्ड्यात मऊ, सकस माती भरली की मुळं तिथेच घोटाळतात.

पुढे झाड मोठं झालं, तरी कडक दुष्काळात त्याला विसरू नका. 2002-03 मध्ये तुमच्या राज्यात आणि शेजारच्या राज्यांत कोट्यवधी पिन्यॉन वाळले. तहानलेल्या झाडात चीक कमी पडतो, आणि साल पोखरणाऱ्या इप्स भुंगेऱ्याला ते चिकानेच बाहेर ढकलत असतं. ताज्या कापलेल्या लाकडाच्या वासाने हे भुंगेरे येतात, म्हणून छाटणी ऐन थंडीतच करा आणि तोडलेल्या फांद्या झाडाजवळ रचून ठेवू नका.

बिया खायला मिळतील म्हणून लावत असाल (चव चिलगोज्याच्या जवळची, आहेतही ते भाऊबंद), तर ज्यात बिया असतात ते शंकू धरायलाच साधारण 25 वर्षं लागतात. तरीही रोप लहानच घ्या. मोठं झाड महाग पडतं, आणि रुजायलाही जास्त वर्षं घेतं.