कोळशाचा ढीग आणि लष्करी तळाची वीज

तुमचा प्रश्न असा होता: कोळसा वीजकेंद्राच्या आवारातच साठवलेला असतो, गॅससारखी पाइपलाइन लागत नाही, ऊन-वाऱ्याची वाट बघावी लागत नाही, मग अमेरिकेने लष्करी तळांसाठी कोळशाची वीज घ्यायचं ठरवलं यात चुकलं कुठे?

वीज जाते ती बहुतेक वेळा तार तुटली, खांब पडला, ट्रान्सफॉर्मर गेला म्हणून. इंधन संपून अंधार होणं फार दुर्मिळ. ऱ्होडियम ग्रुप या अमेरिकी संशोधन संस्थेने २०१२ ते २०१६ मधल्या अमेरिकी ग्राहकांच्या अंधाराचे तास तपासले, तर इंधनाच्या अडचणीमुळे गेलेले तास जेमतेम ०.००००७ टक्के निघाले. आता राष्ट्राध्यक्ष ट्रम्प यांचा फेब्रुवारी २०२६ चा आदेश बघा. संरक्षण खात्याने कोळशावरच्या केंद्रांशी दीर्घ मुदतीचे वीजखरेदी करार करावेत, असा त्याचा गाभा. पण करार कोणाशीही करा, वीज त्याच सामायिक तारांवरून येणार. वाटेतलं सबस्टेशन वादळात आडवं झालं की केंद्रात ढीग कितीही उंच असो, तळ अंधारातच.

ढिगाबद्दल जरा जास्त बोलतो, कारण कोल हँडलिंगमध्ये, म्हणजे ढिगातून बॉयलरपर्यंत कोळसा पोचवण्याच्या कामात, माझी बरीच वर्षं गेली आहेत. कागदावर पंधरा दिवसांचा साठा दिसायचा. पाऊस लागला की बारीक कोळशाचा चिखल व्हायचा, कोळसा खाली सोडणारे च्यूट चोंदायचे, तो पुढे ढकलणारा फीडर रिकामा फिरायचा आणि आम्ही रात्रपाळीला पहारी घेऊन बंकर (कोळशाची टाकी) ठोकत उभे. साठा होता, बॉयलरपर्यंत पोचत नव्हता. २०१७ च्या हार्वे वादळात टेक्सासमधल्या डब्ल्यू. ए. पॅरिश केंद्रात कोळसा इतका भिजला की दोन संच चक्क गॅसवर चालवावे लागले! शिवाय ग्रिड, म्हणजे विजेचं सामायिक जाळं, पूर्ण बसलं तर कोळशाचा संच आपला आपण उठत नाही. बॉयलरला पाणी देणारे फीड पंप, पंखे, कोळसा दळणारी मिल फिरवायला आधी बाहेरून वीज लागते, आणि थंड बॉयलर तापायला कित्येक तास.

ही कल्पना नवी नाही. २०१७ मध्ये ऊर्जामंत्री रिक पेरी यांनी ९० दिवसांचं इंधन आवारात ठेवणाऱ्या केंद्रांना जादा मोबदला सुचवला. वीज-गॅसच्या केंद्रीय नियामक आयोगाने जानेवारी २०१८ मध्ये तो प्रस्ताव एकमताने फेटाळला. पाचपैकी चार सदस्य ट्रम्प यांनीच नेमलेले होते, हे विशेष. त्याच वर्षी १९५० चा संरक्षण उत्पादन कायदा (देशाच्या संरक्षणासाठी सरकारला उद्योगांना हुकूम देता येणारा) वापरून ही केंद्रं जगवायचा मसुदा फुटला. आणखी मागे जा: जर्मनीत कैझर्सलाउटर्नच्या अमेरिकी तळांना ऊब द्यायला अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनियाचा अँथ्रासाइट (कठीण कोळसा) जहाजाने अटलांटिकपार जायचा, कारण तशी अट अमेरिकी संसद खर्चाच्या विधेयकात घालायची. खाणी शेजारीच असलेल्या देशात! म्हणून माझं मत: यात तळापेक्षा खाणपट्ट्यातल्या मतदाराची काळजी जास्त आहे.

पण कोळसा सरसकट निकालात काढू नका. अलास्कात फेअरबँक्सजवळच्या आयल्सन हवाई तळाचं कोळशाचं केंद्र कुंपणाच्या आतच आहे आणि ते विजेबरोबर उष्णताही देतं. कोळसा हीलीच्या खाणीतून रेल्वेने येतो. उणे चाळीसच्या थंडीत ऊब गेली तर काही तासांत पाइप फुटतात. तिथे ढीग खरोखर जीव वाचवतो, कारण तो तारेच्या अलीकडे, तळाच्या बाजूलाच आहे.

बाकी तळांवरही पैसा तारेच्या अलीकडच्या बाजूलाच लावायला हवा. अमेरिकी कायद्यात महत्त्वाच्या लष्करी कामांसाठी २०३० पर्यंत ९९.९ टक्के वीज-उपलब्धतेचं लक्ष्य आहेच. सॅन दिएगोजवळच्या मिरामार तळाने कचराडेपोचा वायू, सौर आणि डिझेल-गॅस जनित्रं जोडून मायक्रोग्रिड, म्हणजे बाहेरची वीज गेली तरी चालणारं तळाचं स्वतःचं छोटं जाळं, उभं केलं. आणि काही तळांवर ब्लॅकस्टार्टचा सराव होतो: बाहेरची वीज मुद्दाम तोडायची आणि काय काय बंद पडतं ते बघायचं. कोळशाच्या नव्या करारावर सही करण्याआधी त्या तळाच्या अशा सरावाचा अहवाल मागवा. त्यात ‘इंधन संपलं’ असं लिहिलेलं किती वेळा सापडतं, ते मोजा.