डबघाईला आलेल्या सर्कशीतली प्रेमकथा गोव्यात घडवायची आहे. साल कोणतं घ्यावं आणि खलनायक कोण ठेवावा?

मी म्हापशाचा. तुमचा प्रश्न वाचल्यावर दोन दिवस दुसरं काही डोक्यात नव्हतं, म्हणून सविस्तर लिहितो. साल १९५५ घ्या. आणि त्या दोघांच्या आड येणारा माणूस ठेवूच नका. पावसाळा आणि बंद पडलेली रेल्वे एवढं पुरे.

तेव्हा मिरजेहून मडगावपर्यंत मीटरगेजची सलग वाट होती. लोंढा, कॅसलरॉक, मग दूधसागरचा घाट उतरून कुळे. कॅसलरॉकला भारताची जकात तपासणी, कुळ्याला पोर्तुगिजांची. म्हणजे पिंजरे, पेट्या, माणसं सगळं दोनदा तपासून घ्यायचं. सर्कशीचा मालक सांगली-मिरजेकडचा दाखवलात तर ते इतिहासाला धरूनच होईल. विष्णुपंत छत्रे अंकलखोपचे, कुरुंदवाडच्या संस्थानात घोडे तयार करणारे. १८८० साली त्यांनी आपल्याकडची पहिली सर्कस उभी केली. नंतर म्हैसाळच्या देवलांची सर्कसही त्याच मातीतली. झुल्यावरची मुलगी केरळातल्या थलश्शेरीची असू द्या. कीलेरी कुन्हिकण्णन यांनी तिथे कसरतीचं शिक्षण सुरू केलं आणि पुढे कितीतरी सर्कशींना झुलेवाले त्या गावानं पुरवले. तिची मल्याळम, तिला झेलणाऱ्या नायकाची मराठी आणि भोवती सगळी कोकणी. दोघांना एकमेकांशी बोलताना शब्द शोधावे लागतील, आणि प्रेमकथेला ते चांगलंच.

आता गोष्ट. मे महिना संपत आलाय, गल्ला नाही, वॅगनचं भाडं भरायला पैसे नाहीत. मालक म्हणतो, आणखी चार खेळ लागू देत, मग निघू. तेवढ्यात मृग लागतो. आमच्याकडे जूनमध्ये कापडी तंबू उभा ठेवता येत नाही. मग कुठल्या तरी भाटकाराच्या, म्हणजे जमीनदाराच्या, गोदामात सगळे दाटीवाटीनं पडून राहतात. १५ ऑगस्टला सीमेवरच्या पत्रादेवीसह ठिकठिकाणी सत्याग्रही हद्द ओलांडतात, पोर्तुगीज गोळीबार करतात, माणसं मरतात. त्यानंतर भारत रेल्वे बंद करतो, हद्द बंद होते, तिकडून पैसेही येईनात. परतीची वाट संपली.

इथेच तुमची कादंबरी आहे असं मला मनापासून वाटतं. झुल्यावर असेपर्यंत त्या दोघांचं एकमेकांवर अवलंबून असणं हा पोटाचा भाग होता. खेळच नाही म्हटल्यावर तिला त्याची गरज उरत नाही, तरी ती पहाटे गोदामाच्या आढ्याला दोर बांधून तालमीला त्याला उठवते. हे लिहाल तेव्हा एक लक्षात ठेवा: झेलणारा हात हातात धरत नाही, मनगट धरतो, आणि तीही त्याचं मनगट धरते. घामेजला तळवा निसटतो, मनगटाची पकड सहसा सुटत नाही.

दुसरी एक गोष्ट मी लहानपणी डोळ्यांनी पाहिलीय. मुक्तीनंतरची, सत्तरच्या दशकातली. म्हापशात सर्कस लागली होती आणि अवकाळी पाऊस आला. लोक पळाले, पण सर्कशीतली माणसं तंबूभोवती धावत दोर सैल करायला लागली. मला वाटलं, वारा सुटलाय तर आवळायला हवेत. पण सुती दोर भिजला की आखडतो, ओढून ओढून मेखा उपटतो नाहीतर कापड फाडतो. एक बाई गुडघ्यावर बसून दातांनी गाठ सोडवत होती, आणि एक माणूस तिच्यावर रिकामं पोतं धरून उभा होता. दोघं एकमेकांकडे बघतही नव्हती. प्रेमाचा प्रसंग म्हणून मला आजही पहिला तोच आठवतो.

बारीकसारीक सांगतो, कारण गोव्याचे वाचक यावर बोट ठेवतील. १९५५ मध्ये तिकीट एस्कुदोत लिहू नका, ते नंतर आलं. तेव्हा रुपया आणि तांगा, सोळा तांग्यांचा रुपया. मांडवीवर पूल नव्हता, पणजीहून पलीकडच्या बेतीला फेरीबोट. खेळाची परवानगी आदमिनिस्ट्रादोरकडून, म्हणजे तालुक्याच्या पोर्तुगीज प्रशासकाकडून. आणि पोर्तुगालचा हुकूमशहा सालाझार याच्या राजवटीत लग्नपत्रिकाही सेन्सॉरच्या नजरेखालून जायची, तेव्हा सर्कशीची मराठी जाहिरात सुटेल कशी?

सर्कस बुडण्याचं कारण तुम्ही दुसरी सर्कस दाखवणार असाल, तर तेही नको. आमच्याकडे जत्रेत रात्रभर नाटक असतं, फुकट, आणि रंगमंचावर आपलाच काका राजा झालेला असतो. पौषात म्हापशाच्या बोडगेश्वराच्या जत्रेला आलेला माणूस तिकीट काढून तंबूत जाईल की नाटकाला बसेल, हा मालकाचा खरा घोर. त्यात हत्तीला रोज शे-दीडशे किलो वैरण. वाघाचं मटण आधी की माणसांचा पगार, हा प्रश्न एखाद्या रात्री त्या दोघांत भांडण लावू दे. तो जनावरांच्या बाजूनं बोलेल, ती घरी पैसे पाठवायचे म्हणून पगाराच्या. दोघांचंही बरोबर असू दे.

माझा मामा म्हापशात लागलेल्या त्या सर्कशीला पेंढा घालायचा. शेवटच्या आठवड्याचे पैसे राहिले. निघायच्या आदल्या दिवशी माहूत आणि व्यवस्थापक दोघं घरी आले, चहा घेतला, आणि पैशांऐवजी तंबूच्या कापडाचा एक मोठा तुकडा ओसरीवर ठेवून गेले. मामी भडकली होती. पण त्याच कापडावर आमच्या घरी पुढची कित्येक वर्षं भात वाळत पडलं. कडेला पितळी कड्या होत्या, ओळीनं. भात वर-खाली करताना आम्ही पोरं त्यांत बोटं अडकवून कापड ताणून धरायचो.