ब्लँक खोडू नकोस

बाळ,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र परवा मिळालं. दोनदा वाचलं, मग सोबतचे क्रोमॅटोग्राम, म्हणजे यंत्राने काढलेले आलेख, टेबलावर पसरून बसले. तू जे विचारतेयस त्याचं उत्तर त्या कागदांवरच आहे आणि ते तुला दिसलंय. दिसलं नसतं तर तू लिहिलंच नसतंस.

प्लॅस्टिकच्या पॅकिंगमधून खाद्यतेलात डीईएचपी, म्हणजे प्लॅस्टिक मऊ करणारं रसायन, किती उतरतं, हे तू मोजतेयस. तीन बॅच झाल्या. पहिल्या आणि तिसऱ्या बॅचचा ब्लँक, म्हणजे तेल न घालता चालवलेली कोरी चाचणी, जवळजवळ सपाट. दुसऱ्या बॅचच्या ब्लँकमध्ये मात्र नेमक्या त्याच वेळेला पीक (आलेखावरचा उंचवटा) आलाय, नमुन्याच्या पीकच्या तिसऱ्या हिश्श्याएवढा. सर म्हणतात, ब्लँक खराब झालाय, काढून टाक, नमुन्यांचे आकडे तर जुळतायत. सेमिनार तोंडावर आलाय. आणि तू विचारतेस, "मॅडम, एका ब्लँकपायी अख्खी बॅच टाकून द्यायची का?"

"ब्लँक खराब झाला" हे वाक्य मला ऐकवत नाही. ब्लँक खराब होत नसतो. जे सॉल्व्हंट, जी काच, जे हात, जी दुपार नमुन्यांच्या वाट्याला आली तीच त्याच्याही वाट्याला आली, फक्त त्याच्यात तेल नव्हतं. त्याच्यात डीईएचपी निघालं म्हणजे त्या दिवशी ते तुझ्या टेबलावर होतं. ते नेमकं ब्लँकच्या नळीत उतरलं आणि शेजारच्या सहा नळ्यांना शिवलंही नाही, हे कशावरून म्हणायचं? आकडे जुळतात म्हणून? जुळणारे आकडे दूषितपणातूनही येतात.

वजाबाकीचंही तू विचारलंयस. ब्लँकमधलं मूल्य नमुन्यातून वजा करता येतं, पण ते स्थिर असेल तरच. दहा ब्लँक चालवले आणि दहाही एकमेकांच्या आसपास आले, तर खुशाल वजा कर. तुझा एक सपाट, दुसरा डोंगराएवढा, तिसरा पुन्हा सपाट. यात वजा काय करणार? ब्लँकची सरासरी अधिक त्यांच्या प्रमाण विचलनाची (आकडे सरासरीपासून किती पसरलेत त्याच्या मापाची) तिप्पट, एवढ्याच्या खाली तुला काही दिसतं असा दावाच करता येत नाही. ब्लँक उड्या मारायला लागले की ही मर्यादा वर चढते आणि तुझे निम्मे नमुने तिच्याखाली बुडतात. सरांना हे माहीत नाही असं नाही. त्यांना घाई आहे.

घाई मलाही होती. ती हकिगत मी फार जणांना सांगितलेली नाही.

नोकरीच्या दुसऱ्या वर्षी मी सूक्ष्मजीव विभागात होते. एका लहान उत्पादकाचा नमुना आला होता, एकूण जिवाणूसंख्या काढायची होती. नेहमीप्रमाणे नमुना दहापट, शंभरपट, हजारपट पातळ करत विरलनं केली, प्लेटा ओतल्या, तीन दिवस इन्क्युबेटरमध्ये ठेवल्या. काढून मोजल्या तर दहापट विरलनाच्या प्लेटवर ३८ कॉलनी (जिवाणूंचे ठिपके), शंभरपटच्या ३१, हजारपटच्या ३५. तू आता मनातल्या मनात ओरडली असशील. विरलन वाढलं की कॉलनी दहा दहा पटींनी कमी व्हायला हव्यात, इथे त्या जागच्या हलल्याच नाहीत. म्हणजे त्या नमुन्यातल्या नव्हत्याच, ज्या द्रावात मी विरलन करत होते त्या द्रावातल्या होत्या. आणि हे सांगायला माझ्यासमोर एक प्लेट होतीच: नुसता द्राव घालून ओतलेली, नमुन्याचा थेंबही नसलेली. तिच्यावर ३३ कॉलनी होत्या, कोरड्या, कडा विस्कटलेल्या, पांढुरक्या. मी वहीत लिहिलं, "कंट्रोल प्लेट हाताळताना दूषित, टाकून दिली." अहवालात हजारपटचा आकडा धरला: ग्रॅममागे ३५ हजार.

त्या आकड्यावर त्या माणसाचा सगळा माल नष्ट झाला.

तीन आठवड्यांनी कळलं. ऑटोक्लेव्हमध्ये, म्हणजे वाफेने निर्जंतुक करायच्या यंत्रात, मोठ्या बाटल्या एकमेकींना चिकटवून ठासून भरल्या जात होत्या. बाहेरचा काटा १२१ अंश आणि १५ मिनिटं दाखवत होता, मधल्या बाटल्यांच्या पोटात मात्र ते तापमान पोचतच नव्हतं. बॅसिलस जिवाणूंचे उष्णता सोसणारे बीजाणू आरामात जगत होते. मी वरिष्ठांना सांगितलं. ते म्हणाले, अहवाल गेलाय, आता नको. मी गप्प बसले. त्यांनी नको म्हटलं हे खरं, पण गप्प मी बसले. त्या उत्पादकाला पत्र लिहायला मला कोणी हात धरून अडवलं नव्हतं.

म्हणून सांगते, ब्लँक खोडू नकोस. मी एकदा खोडलाय.

तू म्हणशील, हा जिवाणूंचा मामला, माझं तर रसायन आहे. फरक आहेच. तुझ्याकडे बाहेरून जेवढं आलं तेवढंच राहतं. सूक्ष्मजीवांकडे ते वाढतं. साल्मोनेला हा रोगजंतू शोधायला २५ ग्रॅम नमुना २२५ मिलिलिटर पेप्टोन वॉटरमध्ये घालून १८ तास उबेत ठेवतात, ते नमुन्यात एखादीच पेशी असली तरी तिच्या असंख्य व्हाव्यात म्हणून. पण ती पेशी तुझ्या पिपेटवरून आली असली तरीही तेच होतं. म्हणून शहाण्या लॅब पॉझिटिव्ह कंट्रोलसाठी, म्हणजे चाचणी चालतेय ना हे पाहायला, मुद्दाम सहसा न आढळणारा सेरोव्हार (पोटप्रकार) वापरतात. तो नमुन्यात निघाला की चोर घरातलाच आहे हे लगेच कळतं. रसायनात अशी सोय फार कमी. डीईएचपीवर कोणाचं नाव लिहिलेलं नसतं, ते तेलातलंही तेच आणि हातमोज्यातलंही तेच. तुझ्याकडे ब्लँकशिवाय दुसरा साक्षीदारच नाही, आणि तू त्यालाच हाकलून द्यायला निघालीयस.

क्लेअर पॅटरसन या अमेरिकी भूरसायनशास्त्रज्ञाचं नाव तू पृथ्वीच्या वयामुळे ऐकलं असशील. १९५६ साली त्याने ते ४५५ कोटी वर्षं ठरवलं. पण त्याआधी काही वर्षं तो शिशाच्या मोजणीत नुसता गोंधळत होता, कारण शिसं धुळीत होतं, आम्लात होतं, काचेत होतं, त्याच्या स्वतःच्या केसांत होतं. त्याने ब्लँक खोडला नाही, लॅब धुतली. पुढे १९८० मध्ये त्याने आणि त्याची सहकारी डोरोथी सेटलने ट्यूना माशावर काम केलं. तोवर सरकारी आकड्यांनुसार डबाबंद माशात ताज्याच्या जेमतेम दुप्पट शिसं होतं, म्हणजे फारसं बिघडलेलं नाही. या दोघांनी स्वच्छ खोलीत मोजलं तर ताज्या माशात ग्रॅममागे ०.३ नॅनोग्रॅम आणि शिशाने डाख दिलेल्या डब्यातल्या माशात १४००. दुप्पट नव्हे, चार हजार पटींहून जास्त! बाकीचे ताज्या माशात जे मोजत होते ते बहुतांशी त्यांच्या लॅबमधलं शिसं होतं. ब्लँककडे दुर्लक्ष केलं की खोटा धोका दिसतो, हे सगळे सांगतात. इथे खरा धोका लपला होता. तुझ्या तेलाचंही तसं होऊ शकतं. पॅकिंगआधीच्या तेलाच्या आकड्यात तुझ्या लॅबचं डीईएचपी मिसळलं, तर पॅकिंगनंतरची वाढ किरकोळ दिसेल आणि तू "काळजीचं कारण नाही" असं लिहून मोकळी होशील.

अॅक्रिलामाइड या विषारी रसायनाची गोष्ट तर सगळ्यांनी पाठ करावी. १९९७ मध्ये स्वीडनमध्ये हालांडसोस इथे रेल्वेच्या बोगद्याचं काम चालू होतं. गळती बुजवायला वापरलेल्या रसायनातून अॅक्रिलामाइड पाण्यात गेलं, मासे मेले, गाईंना लुळेपणा आला. कामगारांच्या रक्तातल्या हिमोग्लोबिनला ते किती चिकटलंय हे स्टॉकहोम विद्यापीठात मार्गारेटा टॉर्नक्विस्ट यांच्या गटाने तपासलं. तुलनेला घेतलेल्या, बोगद्याशी काडीचा संबंध नसलेल्या माणसांच्या रक्तातही ते निघालं. "कंट्रोल गट खराब झाला" म्हणून दुसरी माणसं शोधणं सोपं होतं. त्यांनी विचारलं, यांच्यात हे आलं कुठून? माग काढत ते तापवलेल्या अन्नापर्यंत पोचले आणि २००२ च्या एप्रिलमध्ये जगाला कळलं की पिष्टमय पदार्थ तळताना, भाजताना १२० अंशांच्या वर अॅस्पॅराजिन हे अमिनो आम्ल आणि साखर यांच्यापासून अॅक्रिलामाइड तयार होतं. बोगद्यातल्या कामगारांपुरता सुरू झालेला प्रश्न प्रत्येकाच्या ताटात निघाला. हे सांगितलं ते कोऱ्या मानलेल्या माणसांच्या रक्ताने.

माझ्याबद्दल तू लॅबमध्ये बरंच ऐकलं असशील. या बाईला कामापेक्षा ब्लँक प्यारा, असं म्हणतात. कीटकनाशकांच्या अवशेषांवरचा आमचा पेपर मी आठ महिने अडवला, कारण आधीच्या तीव्र स्टँडर्डचा (प्रमाण माहीत असलेल्या द्रावणाचा) अंश इंजेक्टरच्या सुईत राहून पुढच्या ब्लँकमध्ये उतरत होता आणि मला सगळे नमुने पुन्हा चालवायचे होते. दुसऱ्या गटाचा पेपर आधी आला. माझी विद्यार्थिनी त्यानंतर माझ्याशी बोलली नाही. तिचं एक वर्ष गेलं, ते मी परत देऊ शकत नाही आणि त्याचं मला वाईट वाटतं. तिला नीट समजावायला हवं होतं, मी नुसती हुकूम सोडत राहिले. पण पेपर अडवला हे बरोबरच केलं. पुन्हा वेळ आली तरी अडवेन. ३३ कॉलनींची ती प्लेट ज्याने स्वतःच्या हाताने टाकलीय त्याला हे पटवावं लागत नाही.

आता काम. दुसरी बॅच टाकायची नाही आणि वापरायचीही नाही. वहीत जशी आहे तशी ठेव, ब्लँकसकट, तारखेसकट. प्रत्येक पायरीला वेगळा ब्लँक घे: नुसतं सॉल्व्हंट, मग सॉल्व्हंट अधिक सोडियम सल्फेट, मग पूर्ण प्रक्रिया. पीक कुठल्या पायरीला उगवतो ते दोन दिवसांत कळेल. सल्फेट आणि काच ४०० अंशांवर भाजून घे आणि अॅल्युमिनियमच्या फॉइलखाली ठेव, प्लॅस्टिकच्या पिशवीत नको. मापाचे फ्लास्क भट्टीत घालू नकोस, त्यांचं माप बिघडतं, ते सॉल्व्हंटने खळबळून घे. व्हायलच्या (नमुन्याच्या कुपीच्या) झाकणातला सेप्टम, तो रबरी पडदा, एकदा टोचला की बदल. मग बॅच पुन्हा चालव, सहा नमुन्यांमागे किमान दोन ब्लँक ठेवून, एक सुरुवातीला आणि एक शेवटी.

सरांशी भांडू नकोस. तिन्ही ब्लँक एका कागदावर एकाखाली एक छाप आणि त्यांच्यासमोर ठेव. सेमिनारला पहिली आणि तिसरी अशा दोनच बॅच दाखव आणि दुसरी का नाही ते स्वतःहून सांग. कोणी नाक मुरडलं तर मुरडू दे.

आणि दुसऱ्या बॅचच्या दिवशी हातमोजे कुठले होते, विनाइलचे की नायट्राइलचे? वहीत नोंद नसेल तर स्टोअरच्या रजिस्टरवरून काढ आणि लगेच कळव.

तुझी,
मॅडम