पेंचच्या कॉटेजचा होस्ट चेकआउटनंतर सोफ्याच्या डागाचे 8 हजार मागतोय, द्यावे का?

भाऊ, जीपे वगैरे काही करू नका आधी. ऑफलाइन पैसे गेले की प्लॅटफॉर्म मधी पडत नाही, अन् डाग तुमच्या पोराचा की आधीच्या पार्टीचा हे मग कोण सिद्ध करणार. एअरबीएनबीवरून बुकिंग असेल तर होस्टला सांगा तिथूनच क्लेम टाक म्हणून, त्याला चेकआउटपासून 14 दिवस असतात आणि तुम्हाला उत्तर द्यायला 24 तास, नाही दिलं तर तो कंपनीला मधे बोलावू शकतो, म्हणून नोटिफिकेशन बघत राहा. बोलणं त्यांच्याच चॅटमधे ठेवा, फोनवरचं भांडण कामाचं नाही. त्याच्याकडे आधीचा फोटो अन् क्लिनिंगचं बिल आहे का विचारा, अख्ख्या नव्या सोफ्याची किंमत एका डागापायी लावतात काही लोक. डाग खरंच तुमचा असेल तर क्लिनिंगचे देऊन मोकळे व्हा, त्यात काय वाद घालायचा.

उलटं, रूमच बेकार निघाली, एसी बंद, तर ते दिसल्यापासून 72 तासांत कळवावं लागतं. लोक घरी येऊन आठवड्यानं तक्रार करतात!

नाहीच ऐकलं तर 1915 ला, म्हणजे सरकारच्या ग्राहक हेल्पलाइनला, फोन लावा. कॉटेज पेंचच्या तुरिया गेटकडे, म्हणजे मध्य प्रदेशात असलं तरी 2019 च्या ग्राहक कायद्यानं केस तुम्ही राहता तिथं, नागपूरच्या जिल्हा ग्राहक आयोगात टाकता येते, 5 लाखांपर्यंत फी नाही. फक्त 8 हजारासाठी तारखांवर जायचं का ते तुमचं तुम्ही ठरवा.