वाईन न घेणारे आई-वडील सोबत असताना स्वित्झर्लंडमध्ये वाईन टेस्टिंग आणि डोंगरातली भटकंती असा बेत करावा का? मुक्काम इंटरलाकेनला आहे. घरचे म्हणतात, म्हाताऱ्यांना दारूच्या गावाला कशाला.

न्या. बिनधास्त न्या. "घरचे म्हणतात, म्हाताऱ्यांना दारूच्या गावाला कशाला" हे तुमचं वाक्य वाचलं आणि हातातलं काम ठेवून लिहायला बसलो. हेच वाक्य मी माझ्या थोरल्या भावाकडून दोन वर्षं ऐकतोय.

आम्ही निफाडचे, घरची द्राक्षबाग. अण्णा माळकरी, चहापलीकडे व्यसन नाही. मी नोकरीनिमित्त बर्नला. दोन वर्षांपूर्वी जुलैअखेर अण्णा-आई आले. बर्फ बघून झाला (अण्णांचा शेरा: "थंडी आहे, बाकी काय?") आणि मग त्यांना लावोला नेलं. लोझानपासून माँत्रोच्या बाजूला, जिनिव्हा सरोवराच्या काठाने सुमारे ३० किलोमीटर नुसत्या पायऱ्या-पायऱ्यांच्या बागा. अकराव्या-बाराव्या शतकात मठातल्या साधूंनी बांध घालून सुरुवात केली. २००७ पासून जागतिक वारसा. तिथले लोक म्हणतात, आमच्या बागेला तीन सूर्य: एक वरचा, एक पाण्यातून परतणारा, आणि तिसरा दिवसभर तापून रात्री ऊब सोडणारा दगडी बांध.

वेवेहून छोटी गाडी शेब्रला चढते. तिथून खाली रिवापर्यंत तासाभराचा उतार. आम्हाला साडेतीन तास लागले, कारण अण्णा दर दहा पावलांवर बागेत शिरत. कमरेएवढ्या वेली, मांडव नाही, वेल चढवायला वाय आकाराचे आधार नाहीत, हे त्यांना काही झेपेना. एका बांधाशी त्यांनी पानावरून बोट फिरवलं आणि मला दाखवलं. निळसर भुकटी. "मोरचूद."

तेवढ्यात खालच्या टप्प्यातून कात्री घेतलेला बागवाला वर आला. मला वाटलं, आता ओरडणार. अण्णांनी ते बोट त्याच्यापुढे धरलं आणि विचारलं, "बोर्डो?" म्हणजे मोरचूद-चुन्याचं, बुरशीवर फवारायचं मिश्रण. तो हसला. "वी, वी! बोर्दलेझ!"

झालं. पुढचा पाऊण तास मी दुभाषा, तोही अर्धवट. खरड छाटणीला फ्रेंचमध्ये काय म्हणतात ते मला काय डोंबल माहीत? अण्णा दोन बोटं नाचवून सांगतायत की आमच्याकडे वर्षाला दोन छाटण्या, एप्रिलला खरड, ऑक्टोबरला गोडी. त्याला पटेना. वेल हिवाळ्यात झोपतच नाही? आणि माल फेब्रुवारी-मार्चला? मग अण्णांना खाली पडलेले हिरवे घड दिसले, कापून मुद्दाम टाकलेले. मी म्हटलं, दर चौरस मीटरमागे किती माल घ्यायचा त्यावर बंधन आहे. आमच्याकडे निर्यातीच्या बागेतही घड असेच कमी करतात. अण्णा म्हणाले, "म्हणजे एक्सपोर्टवाले."

त्याने तळघरात नेलं. शासला या तिथल्या पांढऱ्या वाईनचा ग्लास अण्णांनी हुंगला आणि माझ्यापुढे सरकवला. मग बाटलीचा भाव विचारला. अठरा फ्रँक. बाटलीला साधारण किलोभर द्राक्षं लागतात, हे त्यांना माहीत होतं. थोडा वेळ ओठ हलले. "किलोला सतराशे?" त्यानंतर बराच वेळ ते काही बोलले नाहीत. बाहेर आल्यावर विचारलं, "या भिंती पडल्या तर कोण बांधतं?"

संध्याकाळी आईने कौतुकाने फोटो गावी पाठवले. रात्री दादाचा फोन: माळकरी बापाला गुत्त्यात नेलंस. आता ऐका. याच दादाने दोन एकर वाईनची द्राक्षं लावली होती. वायनरीने करार केला आणि माल तयार झाल्यावर फोन उचलणं बंद केलं. बाग तोडावी लागली. तेव्हापासून वाईन म्हणजे दारू. त्याआधी तो 'प्रक्रिया उद्योग' होता. पिकवून विकलेली चालते, हुंगलेली नाही? त्याचं नुकसान मला कळतं, मीही त्या बागेत राबलोय. पण त्याचा राग माझ्यावर का? न पिणाऱ्या माणसाला द्राक्षाच्या गावात बघण्यासारखं काही नसतं, असं ज्याला वाटतं त्याने फक्त बाटली बघितलेली असते.

तुमचा प्रश्न राहिलाच. इंटरलाकेनहून नको, जाऊन-येऊन पाचेक तास गाडीत जातील. दोन रात्री वेवेला काढा. शासला पाणचट असते म्हणणाऱ्यांकडे लक्ष देऊ नका. तिचा आंबटपणा कमी, वास मंद, घाईत हाती लागत नाही. स्विस वाईन जेमतेम एक-दोन टक्के देशाबाहेर जाते, म्हणून आपल्याकडे तिचं नाव नाही. आधी चाला, मग चाखा. टेस्टिंगला थुंकायचं भांडं असतं, त्यात थुंकायला लाजू नका. पांढऱ्या-लाल-पांढऱ्या पट्ट्यांची डोंगरवाट धरायची असेल तर त्या दिवशी थेंबही नको. उंचावरच्या बागाच बघायच्या असतील तर व्हालेमधलं फिस्परटर्मिनेन: ११५० मीटरपर्यंत वेली, हायडा नावाची पांढरी वाईन.

बाकी, लावोत सावली नाही, टोप्या घ्या. छोट्या तळघरांच्या वेळा लहरी असतात, आधी फोन करा. आणि हे खरं तर वरच लिहायला हवं होतं: आईचा गुडघा त्या उतारावर धरला, दोन दिवस शेकत बसली. तुमच्याकडेही गुडघ्यांची तक्रार असेल तर चालणं सोडा, ल्युत्रीहून बागांमधून फिरणारी टायरवाली छोटी ट्रेन आहे, तीत बसवा. थंडीत ती नसते.