सिम्युलेशनमध्ये चालणाऱ्या आणि बोर्डवर बिघडणाऱ्या सर्किटविषयी

प्रिय विद्यार्थिनीस,
सप्रेम आशीर्वाद.

तुझे पत्र, सिम्युलेशनची फाइल आणि बोर्डचा फोटो मिळाला. संगणकावर स्वच्छ साइन वेव्ह देणारा टीएल०७२ या ऑपॅम्पचा (सिग्नल मोठा करणाऱ्या चिपचा) बफर, म्हणजे इनपुट जसेच्या तसे पुढे देणारे सर्किट, प्रत्यक्षात पाच मीटर केबल जोडताच आपोआप आंदोलने करू लागतो, तेव्हा खोटे कोण बोलते, सॉफ्टवेअर की बोर्ड, असे तू विचारले आहेस. खोटे कोणीच बोलत नाही. ज्या सर्किटबद्दल तू सिम्युलेटरला विचारलेस, ते टेबलावर नव्हतेच.

तुझ्या फाइलमध्ये केबल कुठेही नाही. साध्या कोअॅक्सियल केबलचा कपॅसिटन्स मीटरमागे सुमारे १०० पिकोफॅरड असतो, म्हणजे आउटपुटवर ५०० पिकोफॅरडचा भार आहे. ऑपॅम्पचा फीडबॅकविना आउटपुट रोध अंदाजे १०० ओम धरला, तर या दोघांमुळे ३.२ मेगाहर्ट्झच्या आसपास एक नवा पोल तयार होतो, म्हणजे त्या फ्रिक्वेन्सीपासून सिग्नल घटू आणि मागे पडू लागतो. जुन्या टीएल०७२ चा गेन-बँडविड्थ गुणाकार (गेन म्हणजे सिग्नलची वाढ, ती जिथे एकावर येते ती फ्रिक्वेन्सी) ३ मेगाहर्ट्झ, आणि बफरमध्ये लूप गेन, म्हणजे फीडबॅकच्या फेरीतली एकूण वाढ, एकावर येतो तोही जवळपास तिथेच. त्यामुळे ऐन मोक्याच्या जागी चाळीसेक अंशांचे फेज मार्जिन, म्हणजे आंदोलनांपासूनचे सुरक्षित अंतर, निघून जाते. त्यात फोटोमध्ये पुरवठ्याच्या पायांजवळ ०.१ मायक्रोफॅरडचे कपॅसिटर दिसत नाहीत. सिम्युलेशनमधला व्होल्टेज सोर्स आदर्श असल्यामुळे तिथे त्यांची उणीव कधीच जाणवत नाही.

आता फाइलमध्ये ५०० पिकोफॅरडचा कपॅसिटर टाक आणि इनपुटला साइन वेव्हऐवजी १०० मिलिव्होल्टची पायरी दे. एक किलोहर्ट्झची साइन वेव्ह अस्थिरतेच्या काठावरच्या सर्किटमधूनही बहुधा निमूटपणे पार जाते, आणि पायरी मोठी असली तर स्लू रेटच्या (आउटपुट बदलण्याच्या कमाल वेगाच्या) मर्यादेआड खरे चित्र लपते. छोट्या पायरीनंतर आउटपुट किती वेळ झुलत राहते ते पाहा. मग ऑपॅम्पचा पाय आणि केबल यांच्यामध्ये ५० ते १०० ओमचा रोध घाल, फीडबॅक मात्र ऑपॅम्पच्या पायावरूनच घे, आणि झुलणे कसे शमते ते बघ. त्याआधी ऑपॅम्पच्या मॉडेलची, म्हणजे सिम्युलेटरसाठी केलेल्या त्याच्या वर्णनाची, फाइल उघडून वाच. ती साधा मजकूरच असते, आणि काय धरले आहे, काय सोडले आहे हे अनेकदा वरच्या ओळींत लिहिलेले असते. ज्या मॉडेलमध्ये आउटपुट रोधच नीट बसवलेला नाही, ते केबल जोडल्यावरही तुला सर्व कुशल असल्याचेच कळवेल.

अशा सिम्युलेटरांच्या मुळाशी असलेला स्पाइस हा प्रोग्रॅम बर्कली येथे लॉरेन्स नेगल यांनी डोनाल्ड पेडरसन यांच्या मार्गदर्शनाखाली तयार केला आणि १९७३ मध्ये तो जगापुढे आला. त्याच्या नावातच इंटिग्रेटेड सर्किटवरचा भर आहे. एका चिपवरचे शेजारी ट्रान्झिस्टर एकमेकांशी बरेच जुळतात. तुझ्या डब्यातले जुळत नाहीत. सगळे गट धरले तर बीसी५४७ या ट्रान्झिस्टरचा करंट गेन (प्रवाहाची वाढ) ११० पासून ८०० पर्यंत कुठेही असू शकतो, मॉडेलमध्ये मात्र त्यासाठी एकच आकडा असतो. म्हणून तो आकडा दोन्ही टोकांना नेऊन सर्किट पुन्हा चालवल्याशिवाय डिझाइन पूर्ण झाले असे मी मानत नाही.

रन दाबण्यापूर्वी अपेक्षित उत्तर वहीत लिहावे, असा माझा आग्रह आहे. एमिटर बायपास केलेल्या (एमिटरच्या रोधाला समांतर कपॅसिटर लावलेल्या) ट्रान्झिस्टरच्या टप्प्यात १ मिलिअँपिअर प्रवाह असेल तर एमिटरचा अंतर्गत रोध साधारण २६ ओम, आणि कलेक्टरला ४.७ किलोओम असल्यास गेन १८० च्या आसपास यायला हवा. सिम्युलेटरने १७० दाखवले तर पुढे जा, १७ दाखवले तर थांब. मी स्वतः एकदा बायसच्या रोधापुढे मेगओमसाठी नुसते ‘एम’ लिहिले आणि अर्धा दिवस घालवला. स्पाइसमध्ये ‘एम’ म्हणजे मिली, मग अक्षर लहान असो वा मोठे. मेगासाठी ‘मेग’ लिहावे लागते. कपॅसिटरपुढचा ‘एफ’ही तसाच फसवा आहे, तो फॅरड नसून फेम्टो आहे. वहीत आकडा असता तर चूक पाच मिनिटांत सापडली असती.

एसी अॅनालिसिसबद्दलही (फ्रिक्वेन्सीनुसार गेन काढणाऱ्या गणिताबद्दलही) सावध राहा. तो ऑपरेटिंग पॉइंटभोवती, म्हणजे सिग्नल नसतानाच्या डीसी स्थितीभोवती, सर्किट रेषीय मानून चालतो, त्यामुळे १२ व्होल्टच्या पुरवठ्यावर हजार व्होल्टचे आउटपुट दाखवायलाही त्याची हरकत नसते. आलेखाआधी प्रत्येक नोडचे डीसी व्होल्टेज पाहावे. ऑसिलेटर सुरूच होत नसेल तर त्यात लगेच दोष शोधू नकोस. साध्या ट्रान्झिएंट अॅनालिसिसमध्ये (वेळेनुसार आउटपुट काढणाऱ्या गणितात) नॉइज नसतो, म्हणून पुरवठा शून्यापासून चढवून त्याला पहिला धक्का द्यावा लागतो.

सिम्युलेटरचा मला सर्वांत आवडणारा उपयोग दुरुस्तीचा आहे, आणि त्याबद्दल कोणी फारसे सांगत नाही. बोर्डवरचे डीसी व्होल्टेज मोजायचे आणि फाइलमधले सर्किट मुद्दाम बिघडवत तेच आकडे येतात का ते पाहायचे. समज, १२ व्होल्टच्या पुरवठ्यावरच्या ट्रान्झिस्टरच्या टप्प्यात कलेक्टरवर सहाऐवजी जवळजवळ बारा व्होल्ट मिळाले. बेसचा वरचा रोध तुटला असेल तर एमिटर शून्यावर असेल. एमिटरचा रोध तुटला असेल तर बेसवर नेहमीइतकेच व्होल्टेज राहील आणि एमिटर त्याच्या थोडा खाली तरंगेल. दोन्ही बिघाडांत ट्रान्झिस्टर बंदच असतो, पण खुणा वेगळ्या. मात्र फाइलमध्ये मीटरचा १० मेगओमचा रोधही जोडायला विसरू नकोस, कारण दुसऱ्या बिघाडात एमिटरला ग्राउंडकडे जाणारी वाट त्या मीटरमधूनच मिळते. स्कोपने मोजत असशील तर दहापट प्रोबचे दहा-पंधरा पिकोफॅरडही त्यात धर.

पुढच्या पत्रासोबत केबल धरलेली फाइल, पायरीचा आलेख रोधासह आणि रोधाविना, आणि पुरवठ्याचे कपॅसिटर लावल्यानंतर बोर्डवर मोजलेला तोच आलेख असे सर्व पाठव. तिन्ही आलेखांचा वेळेचा अक्ष सारखा ठेव, म्हणजे मला ते एकावर एक ठेवून पाहता येतील.

तुझा हितचिंतक