सोलापुरात राहून अरबी समुद्रातल्या देवमाशांच्या अधिवासाचा अभ्यास करता येईल का?

प्रश्न थोडक्यात असा आहे: विचारणारे सोलापुरात प्राणिशास्त्रात एमएस्सी करतात. संकटग्रस्त देवमासे अरबी समुद्रात कुठे असतात यावर त्यांना प्रकल्प करायचा आहे. बोट नाही, निधी नाही. जमवलेल्या नोंदी नकाशावर टाकल्या तर ठिपके किनाऱ्यालगत येतात आणि महाराष्ट्रासमोरचा खोल समुद्र कोरा राहतो. तिथे देवमासे नाहीत असं धरून चालावं का, आणि कोणती जात घ्यावी?

धरून चालू नका. "तिथे देवमासे नाहीत" हेच वाक्य माझ्यापेक्षा हुद्द्याने कितीतरी मोठ्या माणसाने एका बैठकीत निष्कर्ष म्हणून मांडलं होतं आणि ते मला आजही मान्य नाही. म्हणून उत्तर लांबणार आहे.

नान्नजच्या अभयारण्यातला माळढोक डोळ्यांसमोर आणा. नर माद्यांना रिझवायला उघड्या, उंचवट्याच्या माळावर यायचा, पण पोट भरायला पक्षी ज्वारीच्या, तुरीच्या रानात उतरायचा. मोजणारे फक्त राखीव गवताच्या मचाणावर बसले तर नकाशात माळढोक गवतातच राहतो असं दिसेल. तो नकाशा मचाणांचा असतो. समुद्रातही तेच होतं, फक्त मचाणाच्या जागी ट्रॉलर, म्हणजे जाळं ओढणारी मासेमारी बोट, असते. मुंबईसमोर उथळ समुद्राचा पट्टा तीनशे किलोमीटरच्या घरात रुंद आहे. आपल्या बहुतेक बोटी त्याच्या आतल्या भागातच फिरून परततात. त्या पट्ट्याच्या कडेवर, जिथे तळ २०० मीटरवरून एकदम हजारांत जातो, तिथे पाहणारा माणूसच नसतो. मग ठिपका येणार कुठून?

अरबी समुद्रात कोणीतरी खरंच शोधलं तेव्हा काय झालं तेही माहीत आहे. १९६६च्या नोव्हेंबरात सोव्हिएत जहाजांनी ओमान, पाकिस्तान आणि भारताच्या वायव्य भागासमोर हंपबॅक जातीचे देवमासे मारले. त्याआधीच्या वर्षातले धरून एकूण २४२. बऱ्याच पोटांत अन्न होतं, काही माद्या गाभण होत्या, आणि गर्भांची वाढ उत्तर गोलार्धाच्या ऋतुचक्राशी जुळत होती. म्हणजे हे प्राणी अंटार्क्टिकाकडून पाहुणे म्हणून आलेले नव्हते. ते इथेच खातात आणि इथेच वितात. जनुकीय अभ्यासानुसार ही शाखा सुमारे ७०,००० वर्षं वेगळी पडलेली आहे. ओमानच्या किनाऱ्यावर शेपटीच्या फोटोंवरून केलेला अंदाज ८२ प्राण्यांचा, त्यातही ६० ते १११ अशी शक्यता. २०१७ मध्ये ओमानजवळ उपग्रह-टॅग लावलेली लुबान नावाची मादी त्या डिसेंबरात समुद्र ओलांडून भारताच्या दक्षिण टोकाजवळ पोचली. तिच्या वाटेवर आपल्या नोंदवहीत एकही ठिपका नव्हता. टॅग नसता तर तिची ही वाटही कोऱ्या समुद्रातच गेली असती.

आता ती बैठक. नोंदींची फाइल साफ करायची होती आणि तिच्यात एक ठिपका थेट सोलापूर शहरावर पडत होता: अक्षांश १७.६६, रेखांश ७५.९१. हुकूम निघाला की जमिनीवर पडणाऱ्या सगळ्या नोंदी उडवा. माझं म्हणणं होतं की आधी तपासा. किबोर्डच्या आकड्यांच्या पॅडवर २च्या बरोबर वर ५ असतो. ७५.९१च्या जागी ७२.९१ घातलं की ठिपका दाभोळसमोर पंचवीसएक किलोमीटर समुद्रात जातो. पण नुसत्या अंदाजाने आकडा बदलायचा नाही, तीन पुरावे लागतात. पहिला, त्याच फेरीतल्या मागच्या-पुढच्या नोंदी: त्या ७२.८ ते ७३.० मध्येच होत्या. दुसरा, वेग: ट्रॉलर तासाला पंधराएक किलोमीटर जातो, आणि या अक्षांशावर एक अंश रेखांश म्हणजे सुमारे १०६ किलोमीटर. पाऊण तासात तीन अंश कापणारी बोट अजून बांधलेली नाही. तिसरा, खोली: तांडेलाच्या, म्हणजे बोटीच्या प्रमुखाच्या, वहीत ती वावांत (खोलीच्या जुन्या मापात) होती, मीटर करून गेबकोच्या समुद्रतळाच्या नकाशाशी ताडली आणि ती जुळली. तिन्ही जुळले तरच दुरुस्ती करायची, मूळ आकडा वेगळ्या रकान्यात तसाच ठेवायचा आणि कारण लिहायचं.

उडवण्याच्या हुकमात याहून मोठी खोट होती. वापरलेली किनारारेषा ढोबळ, जगाच्या नकाशाची होती. तिच्यात दाभोळ, जयगडसारख्या खाड्यांची तोंडं जमिनीत गेलेली असतात. जमिनीवरचे म्हणून जे ठिपके पुसले त्यांतले पुष्कळसे खाडीच्या तोंडावरचे खरे दर्शन होते. त्यामुळे फाइल साफ झाली नाही, एकाच बाजूला कलली. तुम्ही तपशीलवार किनारारेषा घ्या. पाच किलोमीटरपर्यंत आत आलेल्या नोंदींवर खूण करून त्या ठेवा, त्यापलीकडच्या एकेक करून तपासा.

तुमच्या फाइलमध्ये बहुधा हेही निघेल. जीपीएसवर १६ अंश ३० मिनिटं असतं आणि टंकणारा १६.३० लिहितो, खरं १६.५० हवं. फरक ०.२ अंशाचा, म्हणजे २२ किलोमीटरचा, आणि उताराच्या कडेवर तेवढ्यात खोली शेकडो मीटरनी बदलते. ओळखायची युक्ती सोपी आहे: एका माणसाच्या सगळ्या नोंदींत दशांशानंतरचे पहिले दोन आकडे कधीच ५९च्या वर जात नसतील तर ती मिनिटं आहेत. खोलीचं तसंच. एक वाव म्हणजे १.८३ मीटर. ४० वाव हे ४० मीटर म्हणून भरलं की ७३ मीटरवरचा प्राणी उथळात येऊन बसतो.

नावाचा घोळ सगळ्यांत वाईट. बातमीत "देवमासा" म्हणजे कधी कधी व्हेल शार्क असतो, आणि तो खराखुरा मासा आहे. फोटो असेल तर शेपूट बघा: देवमाशाची आडवी, शार्कची उभी. डोक्यावर तीन लांब कंगोरे म्हणजे ब्राईड्स व्हेल. एकच कंगोरा, रुंद चपटं डोकं आणि निळसर करडी, ठिपक्याठिपक्यांची कातडी म्हणजे निळा देवमासा. फोटो नसेल तर जात लिहू नका, "मोठा देवमासा, अनिश्चित" लिहा. अशा नोंदी बऱ्याच होतील, होऊ द्या.

यानंतरचं काम म्हणजे कष्टाचा हिशोब, आणि ते सोलापुरातूनही पूर्ण होतं. समुद्राचे अर्ध्या अंशाचे चौकोन पाडा. प्रत्येक चौकोनात किती किलोमीटर किंवा किती तास बघितलं गेलं ते आधी भरा आणि दर्शनं नंतर. समजा, एका चौकोनात ४,००० किलोमीटर फिरून १२ दर्शनं झाली आणि दुसऱ्यात ९० किलोमीटरमध्ये एक. ठिपक्यांच्या नकाशात पहिला भरलेला, दुसरा जवळजवळ कोरा. पण दर १०० किलोमीटरला पहिल्याचा दर ०.३ येतो, दुसऱ्याचा १.१. शून्य किलोमीटरच्या चौकोनाला शून्य लिहायचं नाही, तो रिकामा ठेवायचा आणि नकाशात त्याला वेगळा रंग द्यायचा. त्या बैठकीतल्या नकाशात "बघितलं, दिसला नाही" आणि "बघितलंच नाही" या दोन्हींना एकच पांढरा रंग होता. माझं सगळं भांडण त्या पांढऱ्या रंगाशी होतं.

किलोमीटर सारखे असले तरी नजर सारखी नसते. डोळ्याची उंची ३ मीटर असेल तर क्षितिज सव्वासहा किलोमीटरवर असतं, १५ मीटर असेल तर पावणेचौदा. ट्रॉलरच्या डेकवरचा खलाशी आणि जहाजाच्या वरच्या नियंत्रणकक्षातला निरीक्षक एकाच रकान्यात घालू नका. लाटांवर पांढरा फेस दिसू लागला की देवमाशाच्या श्वासाचा दूरचा फवारा हरवतो, म्हणून समुद्राची स्थितीही लिहा. शिवाय स्पर्म व्हेल पाऊण तास पाण्याखाली राहतो. बोट तेवढ्यात वरून निघून जाते.

पावसाळ्याला मी वेगळा वेळ देईन, कारण तिथे दोन्ही डोळे एकदम मिटतात. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींची मासेमारी बंद, म्हणजे बघणारे जवळजवळ नाहीत. नैऋत्य वाऱ्यांमुळे सोमालिया-ओमानच्या किनाऱ्याला आणि आपल्या दक्षिण-पश्चिम किनाऱ्याला तळाचं थंड, पोषक पाणी वर येतं ते याच काळात. आणि याच महिन्यांत ढगांमुळे उपग्रहाला पाण्यातल्या सूक्ष्म वनस्पतींचं हरितद्रव्य दिसत नाही. मोडिस या उपग्रहावरच्या उपकरणाचे आठ दिवसांचे नकाशे उघडून पाहा, जून ते सप्टेंबर भोकंच भोकं आहेत. ती शेजारच्या आकड्यांची सरासरी घेऊन बुजवली की मॉडेलला पावसाळ्यातला समुद्र मेलेला वाटतो. मासिक, अनेक वर्षांची सरासरी घ्या आणि प्रत्येक चौकोनात किती दिवसांचा खरा आकडा मिळाला ते सोबत दाखवा. या अंधारात कामाला येतो तो कान. लक्षद्वीपमधल्या कवरत्तीजवळ संशोधक दिव्या पणिक्कर यांनी २०१८च्या अखेरीपासून २०२०च्या सुरुवातीपर्यंत पाण्याखाली ध्वनिमुद्रक ठेवून निळ्या देवमाशांची गाणी नोंदली. हंपबॅकमध्ये गातो तो नर; त्यामुळे शांतता म्हणजे गैरहजेरी, हेही धरू नका.

किनाऱ्याला लागलेली धुडं अधिवासाच्या नकाशात अजिबात घालू नयेत. कुजून फुगलेला देह वारा आणि प्रवाहाबरोबर दिवसेंदिवस वाहतो. पावसाळी वारा त्याला किनाऱ्याकडे ढकलतो. रेवदंड्याला धूड लागलं म्हणजे देवमासा रेवदंड्यासमोर राहत होता, असं होत नाही. जात, लांबी, मादी-नर, पोटातलं अन्न, जखमा यांसाठी मात्र ते सोन्यासारखं आहे.

मॉडेल करायचंच असेल तर मॅक्सेंट (नोंदींवरून प्राणी कुठे असू शकेल याचा अंदाज देणारा प्रोग्रॅम) चालेल. त्यातली नेहमीची चूक अशी की पार्श्वभूमीचे, म्हणजे तुलनेसाठीचे, १०,००० बिंदू साऱ्या अरबी समुद्रावर शिंपडले जातात आणि एयूसी (मॉडेलच्या अचूकतेचा गुण, जास्तीत जास्त १) ०.९५ आला की लोक खूश होतात. मॉडेलने तेव्हा फक्त "किनाऱ्याजवळ" एवढंच ओळखलेलं असतं. पार्श्वभूमी त्याच निरीक्षकांनी डॉल्फिन वगैरे इतर प्राणी जिथे नोंदले तिथून घ्या, म्हणजे नजरेचा कल दोन्हीकडे सारखा राहतो. चाचणीसाठी नोंदी सरमिसळ न करता समुद्राचे सलग तुकडे बाजूला काढा. मॉडेलला द्यायचे घटक म्हणून खोली, उतार, २०० मीटरच्या रेषेपासूनचं अंतर, तापमान आणि एक-दोन महिने आधीचं हरितद्रव्य घ्या, कारण हरितद्रव्य वाढल्यावर खाणं तयार व्हायला वेळ लागतो. किनाऱ्यापासूनचं अंतर घेऊ नका, त्यात बोटीच्या डिझेलचं मोजमाप होतं.

काही गोष्टी आधीच सांगायला हव्या होत्या. वरच्या उदाहरणातला १.१ हा दर एकाच दर्शनावर उभा आहे, तो ०.३ पेक्षा खरंच जास्त आहे असं म्हणता येत नाही, एवढंच म्हणता येतं की तो चौकोन रिकामा नाही. वितरण आणि वापर या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. टॅगची रेघ सरळ आणि वेगाची असेल तर तो प्रवास. वेग मंदावून वळणं वाढली तर तिथे खाणं किंवा थांबणं असण्याची शक्यता. ठिपक्यांवरून हा वापर कळत नाही. आणि मॉडेलवरून प्राण्यांची संख्या सांगू नका.

जातीचं विचारलंत. हंपबॅक आणि निळा देवमासा या दोन्हींच्या आपल्या बाजूच्या खात्रीच्या नोंदी मॉडेलला पुरणार नाहीत. एमएस्सीच्या मुदतीत ब्राईड्स व्हेल जमेल, पण माझं स्पष्ट मत आहे की एकही जात घेऊ नका. महाराष्ट्रासमोरच्या समुद्रात महिन्यागणिक कुठे बघितलं गेलं आणि कुठे नाही, हाच प्रकल्प करा. भारतीय सागरी सस्तन प्राण्यांच्या संशोधन जाळ्याच्या संकेतस्थळावर दर्शनं आणि धुडं वेगवेगळी मिळतात. ओबिस-सीमॅप या सागरी प्राण्यांच्या नोंदींच्या जागतिक संग्रहात काही सर्वेक्षणांच्या फेऱ्यांच्या रेषाही आहेत, आणि तुम्हाला ठिपक्यांपेक्षा त्याच जास्त लागतील. रत्नागिरी किंवा हर्णैच्या बंदरावर दोन आठवडे बसून तांडेलांच्या जीपीएसमधले मार्ग मागा; मासे कुठे लागतात हे त्यातून उघड होतं म्हणून ते कचरतात, तर अर्ध्या अंशाच्या चौकोनापेक्षा बारीक काही छापणार नाही असं आधी लिहून द्या. धुडाचा तुकडा मात्र परवानगीशिवाय उचलू नका, देवमासे वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत. आणि फाइलमध्ये पहिला रकाना "किती किलोमीटर बघितलं" हाच ठेवा. तो भरल्याशिवाय दर्शनाचा रकाना उघडू नका.